सील शाबूत

२ नोव्हेंबर
विनताला डॉक्टरांना दाखवलं. हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के. गोळ्या सहा, मीठ कमी, जिना बंद. मी विचारलं, बंद म्हणजे दिवसातून किती वेळा चालेल? डॉक्टर म्हणाले, बंद म्हणजे बंद. मला माणूस पटला. मोघम बोलत नाही.

ही रोजनिशी आजपासून. फॅक्टरीचं एक कोरं इन्स्पेक्शन रजिस्टर रिटायर होताना माझ्याकडे राहिलं होतं, त्यातच लिहून राहिलो. कॉलम तयार आहेत: पास, रीवर्क, रिजेक्ट. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं काम तपासलं, आता स्वतःचं.

मुख्य प्रश्न गच्चीवरच्या टाकीचा. सकाळी सहाला नळ येतो, मोटर लावावी लागते, पाऊण तासात टाकी भरते. भरली की नाही ते खालून कळत नाही. वर जाऊन झाकण उचलून बघावं लागतं. हे घर बांधल्यापासून विनता बघते. बावीस पायऱ्या. उद्यापासून मी.
निकाल: पास.

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
टाकी मी भरली. काहीही अवघड नाही. बायका उगाच दमतात.
निकाल: पास.

७ नोव्हेंबर
पाच दिवस फिरायला गेलो नाही. शुगर वाढली असणार, तपासली नाही. कृषी विद्यापीठाच्या आवारात आमचा ग्रुप सहाला जमतो, नळही सहालाच. रामरावांचा फोन आला की तुमच्याशिवाय कुणी वादच घालत नाही. ही गोष्ट गंभीर आहे.

विचार केला. कामं स्वतः करणं ही हुशारी नव्हे. कामाची व्यवस्था लावणं ही हुशारी.

९ नोव्हेंबर
नागपूरला जावयाशी फोनवर बोललो. अपूर्व कॉम्प्युटरमधला आहे. मी सांगितलं, घर ऑटोमॅटिक करून राहिलो. एक छोटा बोर्ड, पत्त्यांच्या जोडाएवढा. त्याच्या आत एक खोटा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आणि त्या खोट्या कॉम्प्युटरच्या आत घर चालवणारं सॉफ्टवेअर. यूट्यूबवर चौदा व्हिडिओ बघितले आहेत. अपूर्व म्हणाला, बाबा, सॉफ्टवेअर सरळ बोर्डवरच टाका ना, मधला खोटा कॉम्प्युटर काहून? मी म्हटलं, स्नॅपशॉट. खोट्या कॉम्प्युटरचा फोटो काढून ठेवता येतो. काही बिघडलं की फोटो काढला त्या दिवशी सगळं जसं होतं तसं परत. तो म्हणाला, बघा बाबा. नव्या पिढीत खोल विचार कमी.

१४ नोव्हेंबर
पार्सल आलं. बोर्ड, मोटर चालू-बंद करणारी रिले, टाकीत बसवायचा सेन्सर, आणि सेन्सरचं ऐकणारा एक पेनड्राइव्हसारखा डोंगल. विनतानं बोर्ड तळहातावर घेतला आणि विचारलं, एवढंसं टाकी भरेल? मी अर्धा तास समजावलं. ती शेंगा सोलत होती. शेवटी म्हणाली, तुमचा चेहरा बरा दिसून राहिला आज.

जोडणी होईपर्यंत टाकी मीच भरणार. तात्पुरतं.

२० नोव्हेंबर
पहिली चाचणी. मोटर सकाळी ६.०५ ला लागायची होती. लागली ११.३५ ला, नळ गेल्यावर. कोरडीच फिरली, जळका वास आला. कारण सापडलं: खोट्या कॉम्प्युटरचं घड्याळ लंडनचं आहे. आपल्या साडेपाच तास मागे. हा माझा दोष नाही, इंग्रजांचा आहे.
निकाल: रीवर्क.

२३ नोव्हेंबर
जळलेली वाइंडिंग बदलायला योगेंद्रला बोलावलं. गल्लीतला इलेक्ट्रिशियन, हात चांगला आहे पण दृष्टी नाही. बोर्डकडे बघून म्हणाला, “अंकलजी, फ्लोट स्विच लगवा लीजिए. ओमती बाज़ार से ले आता हूँ, आधे घंटे का काम है.” म्हणे तारेला बांधलेला प्लास्टिकचा गोळा टाकीत सोडायचा, पाण्यावर तरंगत वर आला की मोटर बंद. मी त्याला व्हर्च्युअल मशीन समजावून सांगितलं. तो म्हणाला, “जी.”

घड्याळ भारतात आणलं.

२८ नोव्हेंबर
सॉफ्टवेअरचं अपडेट घेतलं, सगळं बंद पडलं. घाबरलो नाही. स्नॅपशॉट परत लावला. सगळं जसं होतं तसं परत आलं. लंडनसुद्धा. म्हणजे स्नॅपशॉट अगदी प्रामाणिक आहे.
निकाल: रीवर्क, पण तत्त्व पास.

१ डिसेंबर, सकाळी ७.२५
आज जमलं. मोटर ६.०५ ला आपोआप लागली, टाकी भरली, ६.४९ ला आपोआप बंद. मी जिन्याखाली उभा होतो. विनता पण उभी होती. मोटर थांबली तशी तिनं माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नात बघितलं नव्हतं असं.

लगेच पुढचं काम केलं. स्वयंपाकघराबाहेरचा मोटरचा जुना स्विच डब्यात बंद करून सील केला. तार ओवली, शिसं दाबलं. सील दाबायचा प्लायर निरोपसमारंभात सेक्शनच्या पोरांनी पाटीवर ठोकून भेट दिला होता, तो पाटीवरून काढला. माणसं मध्ये मध्ये स्विच दाबत राहिली की सिस्टिमचं खरं मोजमाप होत नाही. विनताला सांगितलं, इन्स्पेक्टरचं सील आहे, कुणीही तोडायचं नाही. ती म्हणाली, मी कशाला तोडते.

गच्चीवर टाकीजवळ एक लाल बटण आहे, ते राहू दिलं. फॅक्टरीचा नियम: जिथं धोका दिसतो तिथं थांबवायचं बटण हवं. ते दाबलं तर लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, ‘मोटर बंद’ या नोंदीपुढे ‘मॅन्युअल’, म्हणजे हातानं, असं येतं. पण वर आता जातंच कोण?
निकाल: पास. दोनदा अधोरेखित.

३ डिसेंबर
तीन दिवस पास. स्नॅपशॉट काढला, नाव दिलं उत्तम.

रुचिराचा फोन. आईला दोन महिने नागपूरला पाठवा म्हणते. तिथं लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहेत. मी सांगितलं, इथं आता लिफ्टचीही गरज नाही, जिन्याचा संबंधच संपला. विनतानं फोन घेतला आणि म्हणाली, नाही गं, आत्ता नको, यांचं मशीन नवीन आहे. बघा. तिलाही सिस्टिमची गोडी लागली.

उद्यापासून फिरायला.

५ डिसेंबर
काल संध्याकाळी तासभर लाइट गेली होती. सकाळी धाकधूक होती, पण फिरून सव्वासातला आलो तर मोटर बंद, टाकी भरलेली. लॉग बघितला: मोटर सुरू ६.०५, ऑटो. मोटर बंद ६.५८, मॅन्युअल. बटण आणि सेन्सर दोन्ही टाकीपाशीच आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरचा गोंधळ झाला असणार. नावाची चूक आहे, कामाची नाही.

शेजारच्या सुहासिनीवहिनी म्हणाल्या, सकाळी आमच्या भिंतीवर पाणी पडून राहिलं होतं. मी म्हटलं, दव.
निकाल: पास.

९ डिसेंबर
सिस्टिमच्या टॅबलेटच्या पडद्यावर टाकी ८१ टक्के दिसते. भरल्यावर ८१, संध्याकाळी ८१, रात्री ८१. आधी चमकलो. मग इन्स्पेक्टरसारखा विचार केला. टाकी भरलेली असते हे तर नक्की, पाणी कधीच कमी पडत नाही. म्हणजे आमच्या टाकीचे ८१ हेच शंभर. करेक्शन फॅक्टर अधिक १९. रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. रात्रीसुद्धा ८१ राहते याचं श्रेय विनताला, ती पाणी जपून वापरते.

मॅन्युअल शब्द अजून येतो. दुर्लक्ष.

१५ डिसेंबर
प्रात्यक्षिक. रामरावांना मुद्दाम सकाळी घरी बोलावलं. हॉलमध्ये टॅबलेटसमोर बसवलं. मी सगळं समजावत होतो, बोर्ड, खोटा कॉम्प्युटर, स्नॅपशॉट. ६.५५ ला मोटर धाडकन थांबली. रामराव टाळी वाजवून म्हणाले, अच्युतराव, आमच्याकडे मुलगासुद्धा एवढं वेळेवर ऐकत नाही. फार समाधान वाटलं. असं कुणी म्हणून किती वर्षं झाली असतील.

चहा मात्र उशिरा आला. विनता धापा टाकत आली, कप बशीत खडखडत होते. रामराव गेल्यावर तिला बोललो, गोळ्या वेळेवर घेत नाहीस. ती म्हणाली, घेईन. मग विचारलं, तुमचं नीट झालं ना?
निकाल: पास.

२२ डिसेंबर
थंडी फार. विनताची शाल सकाळी ओलसर असते, पदराचं टोक पण. स्वयंपाकघरात ओल आहे का बघायला हवं. तिथं पण एक सेन्सर लावीन.

तिच्या चपला जिन्यापाशी असतात. घरात किती वेळा सांगितलं की वस्तू जागच्या जागी.

३१ डिसेंबर
सरत्या वर्षाचा आढावा. सिस्टिम एक महिना अखंड पास. नव्या वर्षाचे संकल्प:
गीझर सिस्टिमवर घेणे.
मॅन्युअल शब्दाचा बंदोबस्त.
शुगर तपासणे.
विनताशी रोज संध्याकाळी अर्धा तास बोलणे. (विषय: सिस्टिम सोडून.)

ती आज म्हणाली, तुम्ही हल्ली दाढी करताना गुणगुणता. मला माहीतच नव्हतं. रिटायर झाल्यापासून म्हणे पहिल्यांदा. मी म्हटलं, डोक्यावरचा भार गेला की माणूस गुणगुणतो. तुझाही गेला ना? ती हो म्हणाली.

६ जानेवारी
विनताच्या पायांवर सूज. डॉक्टरांनी गोळी वाढवली. विचारलं, जिना चढता का? तिच्या आधी मीच बोललो. म्हटलं, महिन्याभरात एक पायरी नाही, लेखी रेकॉर्ड आहे. आणि सिस्टिमबद्दल थोडक्यात सांगितलं, दहा मिनिटं. विनता खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टर म्हणाले, मग सूज कशानं? आता हे त्यांनी शोधायचं की मी?

रिक्षात ती म्हणाली, “अहो, एखाद्या दिवशी फिरायला नाही गेलात तर चालेल का?”
मी म्हटलं, शुगरचं काय? ती म्हणाली, ते पण खरंच.

११ जानेवारी
विनता ॲडमिट. सकाळी फिरून आलो तर सुहासिनीवहिनी जिन्यात. विनता वरून तिसऱ्या पायरीवर बसलेली, भिंतीला डोकं टेकून. ओठ निळे. मी विचारलं, वर काहून गेली होतीस? तिनं हात हलवला.
कपडे वाळत घालायला गेली असणार. किती सांगितलं होतं.

१३ जानेवारी, आयसीयूबाहेर
दिवसातून दोनदा आत सोडतात. रुचिरा आणि अपूर्व नागपूरहून आले. सुहासिनीवहिनींचा फोन, काल आणि आज सकाळी तुमची टाकी वाहून राहिली होती. त्यांच्याकडे किल्ली असते. दोन्ही दिवस त्यांनी वर जाऊन बटण दाबलं म्हणे. थंडीनं सेन्सर आखडला असेल. घरी गेल्यावर बघीन.

संध्याकाळी आत गेलो तर विनता जागी होती. मास्क बाजूला केला आणि म्हणाली, “टाकी भरली का?”
मी म्हटलं, सिस्टिम आहे ना. तू काळजी करू नको.
ती हसली. पूर्ण हसली, डोळ्यांनीसुद्धा. मला वाटलं सुधारणा आहे.

१६ जानेवारी
विनता गेली. पहाटे ४.१०.

२९ जानेवारी
बारा दिवस लिहिलं नाही. घर माणसांनी भरलेलं होतं, अपूर्वनं मोटर रिलेपासून सोडवून कसंतरी पाणी भरलं. अस्थी तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत सोडल्या. पाणी फार गार होतं. मला तिच्या शालीची आठवण आली आणि तिथंच पायऱ्यांवर बसून रडलो. काल तेरावं झालं.

आज सुहासिनीवहिनी डबा घेऊन आल्या. त्यांचे आभार मानायचे राहिले होते. म्हटलं, त्या दिवशी पाणी वाहत असताना तुम्हाला गच्चीवरचं बटण कसं माहीत? त्यांनी डबा खाली ठेवला. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “विनतानंच दाखवलं होतं, भाऊजी. म्हणायची, यांचं मशीन लावायचं तेवढं लावतं, बंद करायला रोज विसरतं. मी म्हटलं, मग खालूनच बंद कर ना, वर काहून जातेस? तर म्हणे, खाली यांचं सील आहे. आणि यांना सांगू नका हं, किती वर्षांनी घरात गुणगुणून राहिले.”

वहिनी गेल्यावर टॅबलेट लावला. टाकी ८१ टक्के. घरात पाणी नाही, नळ उघडून बघितला, थेंब नाही. टाकी ८१ टक्के.

मग लॉग. ५ डिसेंबरपासून ११ जानेवारीपर्यंत. अडतीस दिवस, अडतीस वेळा मॅन्युअल. अडतीस गुणिले बावीस, आठशे छत्तीस पायऱ्या. तेवढ्याच उतरताना. वेळा बघितल्या. डिसेंबरात ६.५५, ६.५६. नाताळच्या सुमारास ७.०१. जानेवारीत ७.०४, ७.०६, ७.०९. ती हळू होत गेली ते सगळं लिहिलेलं आहे. रोज माझ्यासमोर होतं. एकतीस वर्षं मी लोकांचे रिपोर्ट वाचले.

तिची शेवटची ओळ, ११ जानेवारी, ७.१२. बटण दाबलं आणि मग बसली.

मला माझा फार राग येतो. तिचाही येतो. एकदा बोलली असती तर. रिक्षात बोलली होती.

३० जानेवारी
अपूर्वनं बोर्ड तपासला. ४ डिसेंबरला लाइट गेली तेव्हापासून डोंगल बाहेरच्या बोर्डला दिसून राहिला होता, आतल्या खोट्या कॉम्प्युटरला दिसलाच नाही. म्हणून शेवटचा आकडा गोठला. मधला खोटा कॉम्प्युटर नसता तर हे झालं नसतं का, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. पोरगा चांगला आहे.

म्हणाला, बाबा, ३ डिसेंबरचा स्नॅपशॉट आहे, उत्तम नावाचा. तो लावतो, सगळं त्या दिवशी होतं तसं होईल. मी विचारलं, जाईल काय काय? तो म्हणाला, विशेष काही नाही, त्यानंतरचा लॉग फक्त.

मी म्हटलं, “हात लावू नको.”

तो निघाल्यावर त्या अडतीसही दिवसांच्या वेळा या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर हातानं उतरवल्या. दोनदा ताडून बघितल्या.

२ फेब्रुवारी
योगेंद्रला बोलावलं. ओमतीहून फ्लोट स्विच घेऊन आला. पांढरा गोळा, काळी तार. अर्धा तास म्हणाला होता, वीस मिनिटांत वरचं काम झालं. मी त्याच्यामागून वर गेलो. मध्ये दोनदा थांबलो. टाकीपाशी एक पाट होता आमच्या देवघरातला, तिला टेकायला लागत असेल म्हणून तिनंच नेला असणार. मी दोन महिने तो पाट शोधत होतो.

तार खालच्या जुन्या स्विचला जोडायची होती. योगेंद्र डब्यापाशी थांबला. तार, शिसं, शिशावर माझा शिक्का, सगळं १ डिसेंबरला होतं तसंच. कुणी नखसुद्धा लावलेलं नाही. त्यानं विचारलं, “अंकलजी, सील तो साबुत है. तोड़ दूँ?”

मी म्हटलं, थांब, मी करतो. प्लायर आणायला आत निघालो. जाता जाता सहज बोट अडकवून तार ओढून बघितली.

तुटली. प्लायर लागलाच नाही.